पूजेत ठेवलेला सतरा नंबर

पिट रिकामा होता. दसऱ्याची सकाळ, आठ वाजलेले, वर्कशॉपला सुट्टी. आदल्या दिवशी दुपारी मी घरी गेलो तेव्हा त्या पिटावर बबनरावांचा ट्रक उभा होता. केबिनच्या मागे चासी कापलेली, मध्ये नवा तुकडा घातलेला आणि तो वेल्डिंगच्या नुसत्या चार टाक्यांवर धरून ठेवलेला. अशी गाडी आपल्या पायाने कुठे जात नाही. कोणीतरी घाईने जोडून ती बाहेर काढलेली असते.

मी आलो होतो माझा पंच परत न्यायला. हा पंच म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच झालं. चिंचवडला मुंबई रस्त्याला लागून आमचं वर्कशॉप होतं. नव्या चासींवर बॉडी बांधणं आणि जुन्या गाड्यांच्या चासी-पाट्यांची दुरुस्ती, अशी दोन कामं. दुरुस्तीच्या सेक्शनचा सुपरवायझर मी. काम तपासून पास केलं की चासीवर आपला नंबर ठोकायचा, ही तिथली पद्धत. माझा नंबर सतरा. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या दांड्यातून मी तो पंच स्वतः घासून बनवला होता. वर्षभर तो माझ्या खिशात असायचा. नंबर ठोकल्याशिवाय गाडी गेटबाहेर जायची नाही, आणि ठोकला की पुढे त्या गाडीचं जे होईल त्याला मी जबाबदार.

वर्षातून एकच दिवस पंच माझ्या खिशात नसायचा. खंडेनवमीला वर्कशॉपमधली सगळी हत्यारं टेबलावर मांडून त्यांची पूजा व्हायची. पाने, हातोडे, वेल्डिंगचा होल्डर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल, होल्डरला माळ. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हत्याराला हात लावायचा नाही. आमच्या घरी माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून पूजाअर्चा बंद झाली होती. पण माणसं वर्षभर ज्याच्या जिवावर जेवतात त्या लोखंडाला एक दिवस विसावा देतात, यात मला वावगं काही वाटत नसे. शिवाय मी पंच ठेवला नाही तर फिटर लोकांना वाईट वाटलं असतं. म्हणून दर वर्षी ठेवायचो.

मी टेबलाकडे गेलो. सगळी हत्यारं जागच्या जागी होती, कुंकवासकट. माझा पंच तेवढा पुसलेला होता. दांड्यावर कुंकू नाही, हळद नाही, आणि डोक्यावर हातोड्याचा ताजा चमकता ठोका. होल्डरची झेंडूची माळ परत घातली होती, पण उलटी.

माझं डोकं तिथेच फिरलं. आज ऐंशीला टेकलो तरी ते टेबल आठवलं की कानशिलं तापतात.

आता त्या ट्रकचं काय चाललं होतं ते सांगतो. बबनराव मोशीचे, जुन्या शेतकरी घरातले. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात लढाईच्या काळातला एक ट्रक घेतला होता. पुढे लांब नाक, जाडजूड बंपर, चढावर हत्तीसारखा चालणारा. घरातली पहिली गाडी म्हणून सगळे तिला थोरली म्हणत. वडील गेले, इंजिन बदललं, पण थोरली विकायची नाही असं बबनरावांच्या आईने बजावलं होतं. बबनरावांची खडीची खाण होती. आजूबाजूला कंपन्यांची बांधकामं जोरात. त्यांना हवं होतं ते असं: चासी अडीच फुटांनी लांब करा आणि मागच्या पाट्यांत चार-चार पाटे वाढवा, म्हणजे हौदा मोठा होईल आणि गाडी वजनाने बसणार नाही.

चासी म्हणजे दोन लांब लोखंडी तुळया. प्रत्येक तुळई पन्हळीसारखी, मध्ये उभा भाग आणि वर-खाली दुमडलेल्या कडा. वजन पडलं की सगळा ताण त्या कडांवर येतो. म्हणून कडेला भोक पाडायचं नाही आणि कडेवर आडवं वेल्डिंग मारायचं नाही. पाटे म्हणजे चाकावरच्या कमानी, लोखंडी पट्ट्यांची चळत. गाडी खड्ड्यात गेली की कोणाला तरी वाकावं लागतं. पाटे वाकले तर चासी वाचते. पाटे वाढवून वाढवून कडक केले की मग धक्का चासीला खावा लागतो. चासी लांब केली म्हणजे ती आधीच कमजोर, वरून पाटे कडक केले म्हणजे तिला दुप्पट मार. एवढं साधं आहे हे. यासाठी डिप्लोमासुद्धा लागत नाही.

मी बबनरावांना सांगितलं होतं की दीड फुटापेक्षा जास्त लांबी देणार नाही आणि दोनपेक्षा जास्त पाटे घालणार नाही. जोडाला आतून तीन फुटांची पन्हळ बसवायची आणि ती उभ्या भागात बोल्टांनी आवळायची. बबनराव कुरकुरले, पण ऐकलं. आमचे मालक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्यांनीही मान डोलावली. ती आतली पन्हळ भोसरीला एका प्रेसवर वाकवायला टाकली होती. दसऱ्यानंतर मिळणार होती. तोवर गाडी हलवायची नाही असं मी खडूने केबिनवर लिहून ठेवलं होतं.

अण्णा ऑफिसात होते. नवा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मी पंच हातात घेऊनच आत गेलो आणि गाडी कुठे आहे ते विचारलं. ते शांतपणे म्हणाले की बबनरावांना दसऱ्याचा मुहूर्त साधायचा होता, काल संध्याकाळी गाडी नेली. मी विचारलं, पन्हळ? ते म्हणाले, बाहेरून पट्टी मारून वेल्ड केलं, वेल्डर लक्ष्मणला परत बोलावून घेतलं होतं. पाटे? चार घातले, गिऱ्हाइकाला चारच हवे होते.

"आणि माझा नंबर कोणी ठोकला?"

"नंबर वर्कशॉपचा असतो, कांबळे. तुमच्या एकट्याचा नसतो."

"पूजेतलं हत्यार उचललंत तुम्ही, अण्णा. खंडेनवमीच्या दिवशी."

ते हसले. सात वर्षं मला अहो-जाहो करणारा माणूस त्या दिवशी एकदम अरे-तुरेवर आला.

"तुला कुठं पूजा मान्य आहे? तुझं हत्यार उचललं काय आणि राहिलं काय, तुला काय फरक पडतो?"

मला जे उत्तर सुचलं ते मी दिलं. म्हणालो, "मला मान्य नाही. तुम्हाला मान्य आहे म्हणून तर मी ते तिथं ठेवलं होतं."

त्यावर त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मला तो माणूस त्या क्षणी इतका लहान दिसला की भांडायचीसुद्धा लाज वाटली. पण त्याहून जास्त राग माझा मलाच आला होता. ज्या पंचावर माणसांचे जीव टांगलेले, तो मी विश्वासाने एका टेबलावर सोडून घरी जेवायला गेलो होतो. आणि टेबलावर फुलं आहेत म्हणून कोणी हात लावणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

तेवढ्यात मला दुसरी गोष्ट आठवली. दर दसऱ्याला बबनरावांची सगळी भावकी थोरलीत बसून निमगावच्या खंडोबाला जायची. चाळीसएक माणसं, बायका, लेकरं, सगळी मागच्या हौद्यात. म्हातारी आई पुढे केबिनमध्ये. बबनरावांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं.

घरी बायको-पोरं पांढरे कपडे घालून वंदनेला जायला तयार बसली होती. निरोप द्यायलासुद्धा थांबलो नाही. सायकल काढली आणि भोसरीवरून मोशी गाठलं. वाटेत मनात अण्णांना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

गाडी अजून दारातच होती. नाकाला झेंडूचं तोरण, बंपरला आंब्याचे डहाळे, हौद्यात फळ्यांवर सतरंजी. निम्मी माणसं चढलेली. मी सायकल टाकली आणि बबनरावांना म्हणालो, माणसं उतरवा, ही गाडी पास झालेली नाही.

बबनराव आधी हसले. मग त्यांना कळलं की मी थट्टा करत नाही, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. चारचौघांत, सणाच्या दिवशी, पाहुण्यारावळ्यांसमोर मी त्यांच्या गाडीला नाट लावत होतो. त्यांनी माझा हात धरून मला पुढच्या चाकाजवळ नेलं. चासीच्या बाहेरच्या अंगाला, रंग खरवडून, ठळक सतरा ठोकलेला होता.

"ह्यो सतरा नंबर कुणाचा हाय, सायेब?"

"माझा."

"मंग? काल पास आन आज नापास? पैल्या दिशी एक बोलायचं आन दुसऱ्या दिशी एक? आमी काय येडे हाय व्हय?"

मी काय सांगणार होतो? मी नाही ठोकला, मालकाने ठोकला? माझ्याच नंबरसमोर उभा राहून हे बोलणारा सुपरवायझर खोटारडाच वाटतो. त्यांचा एक चुलतभाऊ पुढे येऊन म्हणाला की जास्त कामाचे पैसे मिळाले नाहीत म्हणून हा खोडा घालायला आलाय. ते ऐकून मी त्याच्या अंगावर जायचाच बाकी राहिलो.

पण माझी एक सवय होती आणि तीच कामाला आली. मी नंबर कधीही बाहेरून ठोकत नाही. आतल्या अंगाला ठोकतो, जिथे गाडीखाली उताणं शिरल्याशिवाय हात पोहोचत नाही. कारण सरळ आहे. जो खाली शिरला नाही त्याने काम पाहिलेलं नाही आणि ज्याने पाहिलेलं नाही त्याने नंबर ठोकायचा नाही. अण्णा उभ्या आयुष्यात गाडीखाली शिरले नव्हते. त्यांना ही गोष्ट ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

मी बबनरावांना म्हणालो, "आधीच्या दोन दुरुस्त्या मीच केल्यात. तेव्हाचे माझे नंबर कुठे आहेत ते खाली जाऊन बघा. आणि मग हा बाहेरचा बघा."

त्यांच्या अंगावर कोरं धोतर, कडक इस्त्रीचा शर्ट. ते तसेच मातीत आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा पाठ पूर्ण मातीने माखलेली.

"आत दोन हायती," ते म्हणाले. "जुनी. नवा न्हाई."

तरीही माणसं उतरेनात. देवाला निघालेल्या माणसाला उतरवणं सोपं नसतं. मी म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. खाणीवरून अर्धा ब्रास खडी भरा, चाळीस माणसांचं वजन साधारण तेवढंच होतं. खाणीच्या रस्त्याने ओढ्यापर्यंत पाच फेऱ्या मारा. काही झालं नाही तर मी सगळ्यांसमोर नाक घासतो आणि मग खुशाल निमगावला जा.

चुलतभाऊ म्हणाला, सणाच्या दिवशी खडी भरायची? तेव्हा केबिनमधून आई खाली उतरल्या. ठेंगण्या, हातात देवाची परडी.

"दगुडच भरा," त्या म्हणाल्या. "दगडाला काय हुतंय. माझी नातवंडं हायती त्यात."

मग सतरंजी काढली, खडी भरली. गाडी बबनरावांनी स्वतः चालवली. मी म्हणालो होतो की मी चालवतो, पण त्यांनी मला बसूही दिलं नाही. आम्ही सगळे बांधावर उभे राहिलो. पहिल्या फेरीला गाडी खड्ड्यातून अशी उडत होती की खडी बाहेर सांडत होती. दोन्ही बाजूंना चार-चार असे आठ पाटे वाढवले होते, त्यातला एकही वाकत नव्हता. दुसरी फेरीही तशीच गेली. चुलतभाऊ माझ्याकडे बघून हसला. माझ्या मनात आलं, नाही मोडली तर? तर मी खोटा ठरेन, माणसं चढतील आणि ती मग चाकणच्या पुढे कुठेतरी मोडेल. असं उभं राहून गाडी मोडावी म्हणून वाट बघायची पाळी माझ्यावर आयुष्यात दुसऱ्यांदा आली नाही.

तिसऱ्या फेरीला ओढ्याच्या मोरीवर मागची चाकं आदळली आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. गाडी थांबली. केबिन आणि हौद्याच्या मध्ये हात जाईल एवढी फट पडली होती. मी खाली शिरलो. उजव्या तुळईची खालची कड वेल्डिंगच्या बरोबर कडेने तुटली होती आणि चीर उभ्या भागात निम्म्यापर्यंत चढली होती. डावी बाजू धरून होती म्हणून गाडीचे दोन तुकडे झाले नव्हते.

बबनराव खाली उतरले. त्या फटीत हात घालून पाहिला. मग मला म्हणाले, "सायेब, चुकलं आमचं." मी म्हणालो, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही नंबर बघूनच गाडी नेली. भावकी त्या दिवशी एसटीने निमगावला गेली. थोरली ओढ्यावरच उभी राहिली, तोरणासकट.

तिसऱ्या दिवशी बबनराव वर्कशॉपमध्ये आले. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले की सुपरवायझरचा नंबर आहे, सुपरवायझरला विचारा. मी तोंड उघडायच्या आत बबनराव म्हणाले, "नंबर भाईर हाय. ह्यो मानूस आतनं ठोकतो." अण्णांना त्याचा अर्थ कळला नाही. वर्कशॉपमधल्या बाकी सगळ्यांना कळला. कोणी हसलं नाही, पण हातातली कामं थांबली.

दुपारी लक्ष्मण चहाला माझ्याशेजारी येऊन बसला. लक्ष्मण वेल्डर, लातूरकडचा, घरात सहा खाणारी तोंडं. खंडेनवमीला त्यानेच वेल्डिंग केलं होतं आणि अण्णांच्या सांगण्यावरून पंचही त्यानेच ठोकला होता. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो. तो कपाकडे बघत म्हणाला, "आतल्या अंगाला हात पोचत होता, भाऊ. मी गाडीखालीच होतो. पण आतून नाही ठोकला."

मी त्याला काय म्हणायला हवं होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने काम नाकारायला हवं होतं. हे म्हणायला मला काय जातं? चहाचे पैसे मी दिले आणि उठलो.

थोरलीचं काम बबनरावांनी मलाच करायला लावलं, त्यांच्या खाणीवर, आठ रविवार. किती लांब करायची हे मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांनी आनली तेवढीच ऱ्हाऊ द्या." मधला तुकडा काढून टाकला, आतून पन्हळ बसवून बोल्ट आवळले, पाटा प्रत्येक बाजूला एकच वाढवला. चासीच्या आतल्या अंगाला तिसरा सतरा ठोकला. पुढे कितीतरी वर्षं ती गाडी मोशीच्या रस्त्यावर मला दिसायची.

अण्णांचं काही बिघडलं नाही. वर्कशॉप वाढलं, दुसरी शेड झाली, पुढच्या खंडेनवमीला पूजेला बँडसुद्धा होता असं ऐकलं. अन्याय करणाऱ्याचं वाटोळं होतं असं सांगणारे लोक मला भेटत, तेव्हा मी त्यांना ती दुसरी शेड दाखवायला नेत असे. धडा एवढाच की आपला नंबर पूजेत ठेवायचा नाही. हत्यारं खुशाल ठेवा.

थोरलीचं काम संपलं त्या आठवड्यात मी राजीनामा दिला. अण्णांनी तो वाचला, सही केली आणि म्हणाले, "पंच जमा करा. व्हॉल्व्ह वर्कशॉपच्या भंगारातला होता." खरं होतं ते. मी शॉपमध्ये गेलो, ग्राइंडर सुरू केला आणि पंचाचं टोक दगडावर धरलं. ठिणग्या उडाल्या, एक गेला, सात गेला, टोक आरशासारखं सपाट झालं. मग तो पाण्यात बुडवून गार केला, पुसला आणि अण्णांच्या टेबलावर नेऊन ठेवला.